कौतुक

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा मंडळाचा आग्रह झाला आणि माझी एक जुनी फजिती आठवली.

बदलीवर कोलकात्याला येऊन मला जेमतेम सहा महिने झाले होते. सेक्शनमधल्या एका तरुण सहकाऱ्याने रात्रभर बसून वर्षअखेरचा हिशेब जुळवला. दुसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष, मोडक्यातोडक्या बंगालीत मी म्हणालो, "याचं कौतुक करावं तेवढं थोडं!" पोरगा लाल झाला आणि उठून गेला. चार दिवस माझ्याशी बोलला नाही. अखेर हेडक्लार्क दादांनी उलगडा केला. बंगालीत कौतुक म्हणजे थट्टा! रवींद्रनाथांच्या १९०७ सालच्या विनोदी नाटुकल्यांच्या पुस्तकाचे नावच मुळी 'हास्यकौतुक' आहे.

तेव्हापासून मी या शब्दाच्या मागे लागलो. संस्कृतात कौतुक म्हणजे कुतूहल, नवल. कन्नड-मल्याळममध्ये आजही साधारण तोच अर्थ आहे. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीतही नवल आणि लीला या छटा दिसतात. बंगाल्यांनी बहुधा लीलेची गंमत केली आणि गमतीची थट्टा. आपल्याकडेही 'काय मेलं कौतुक!' म्हणतात, तेव्हा आपण फार दूर नसतो.

पण संस्कृतात आणखी एक अर्थ आहे: लग्नात मनगटाला बांधायचा मंगल दोरा. 'कुमारसंभवा'च्या सातव्या सर्गात पार्वतीला लोकरीचे कौतुकसूत्र बांधताना मेनेचे डोळे भरून येतात, दोरा भलत्याच जागी बांधला जातो आणि दाई तो बोटांनी सरकवून नीट बसवते. आपल्या कौतुकात त्या आईचे डोळे उतरले असावेत, असे मला वाटते. (भाषापंडितांनी रागावू नये!) 'शाबास' हा फारसीतल्या 'शाद बाश', म्हणजे 'आनंदी राहा', यावरून आलेला. तो वरून खाली दिला जातो. कौतुकाला तशी पायरी लागत नाही. नातवाने पहिले पाऊल टाकले की आजीला नवल वाटते, आणि ती दृष्ट काढायला उठेपर्यंत त्याचे कौतुक झालेले असते.

हे सारे मी त्या सहकाऱ्याला चहावर बसून सांगितले, माफीही मागितली. त्या वर्षी तो गणपतीला घरी आला. तिसरा मोदक संपवून सौ.ला म्हणाला, "बौदी, कौतुक करतो हं. मराठीतलं!"