बर्फाचा उतार आणि माणसाची इयत्ता



मी स्वतः बर्फावर कधीं पाऊल ठेवलेलें नाहीं. माझें आयुष्य मुलांना इयत्तांत बसविण्यांत गेलें. परंतु बर्फावरील एका खेळाचा इतिहास वाचतांना मला माझ्या शाळेची फार आठवण झाली, म्हणून तो आज आपणांपुढें मांडतों. पायांस लांब, अरुंद फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याच्या या खेळास स्कीइंग म्हणतात. कोणीं कोणत्या उतारावरून उतरावें, हा त्यांतील मूळ प्रश्न होय.

ऑस्ट्रियांतील आर्लबर्ग या पर्वतभागांत सेंट अँटन नांवाचें गांव आहे. तेथें हानेस श्नायडर हा तरुण इ. स. १९०७ मध्यें एका हॉटेलाच्या पाहुण्यांना हा खेळ शिकवूं लागला. पहिल्या महायुद्धानंतर त्यानें तेथें रीतसर शाळा काढली आणि कुवत पाहून शिकणारांचे वर्ग पाडले. नवशिक्यानें सौम्य उतारावर, फळ्यांचीं पुढचीं टोकें जवळ व मागचीं दूर ठेवून, आधीं वेग आवरण्यास शिकावें, मग वळण्यास, आणि तें साधल्यावरच वरच्या वर्गांत जावें, असा त्याचा क्रम होता. इ. स. १९३८ मध्यें नाझींनीं ऑस्ट्रिया गिळला तेव्हां त्याला अटक झाली; पुढच्या वर्षीं तो अमेरिकेस गेला.

त्या काळीं डोंगर बहुधा पायींच चढावा लागे. जो चढूं शकत नसे, तो उतरण्याच्या भरीस पडत नसे. चढ हाच परीक्षक होता. इ. स. १९३६ मध्यें हा परीक्षक निवृत्त झाला. त्या वर्षीं अमेरिकेंतील सन व्हॅली येथें, जहाजावर केळ्यांचे घड चढविणाऱ्या यंत्रावरून कल्पना घेऊन, जेम्स करन या इंजिनियरानें माणसें वर नेणाऱ्या खुर्च्यांची तारवाट उभारली. आतां नवखा व निष्णात दोघेहि बसल्या बसल्या माथ्यावर पोहोंचूं लागले. तेथें नवख्यांसाठीं डॉलर नांवाची सौम्य टेकडी होती आणि निष्णातांसाठीं बॉल्ड पर्वत. पण प्रत्येक ठिकाणीं अशी सोय कोठून असणार? एकाच डोंगरावर सर्व प्रकारचे उतार असले, तर वाटांवर खुणा हव्यात.

अमेरिकेंत इ. स. १९६८ पासून हिरवें वर्तुळ, निळा चौकोन व काळी चौकट या खुणा रूढ झाल्या. त्यांचे अर्थ ध्यानांत घ्या: सर्वांत सोपी, अधिक कठीण, सर्वांत कठीण. ही तुलना त्या डोंगराची त्याच्याशींच आहे. म्हणून एका गांवची निळी वाट दुसऱ्या गांवीं काळी ठरूं शकते. ऑस्ट्रिया, जर्मनी व स्वित्झर्लंड येथें मोजमाप अधिक ठरीव आहे. शंभर फुटांस साधारणतः २५ फूट उतरणारी वाट निळी, ४० फुटांपर्यंत तांबडी आणि त्याहून कडी ती काळी.

तरीहि रंग सर्व सांगत नाहीं. रात्रीं गोठलेली वाट सकाळीं कांचेसारखी असते; दुपारीं बर्फ मऊ होतें, पण पाय थकलेले असतात. म्हणून नव्या डोंगरावर पहिली फेरी आपल्या कुवतीहून एक पायरी खालच्या वाटेवर करावी, आणि वाट थेट तळापर्यंत आपल्या आवांक्यांतली आहे ना, हें नकाशावर आधीं पाहावें.

एकदां एका वडिलांच्या आग्रहास बळी पडून मीं त्यांच्या मुलास वरच्या वर्गांत ढकललें. वर्षभर तो मागच्या बाकावर मुका बसून राहिला. ती चूक माझी होती, आणि शाळेंत ती पुढच्या वर्षीं सुधारतां आली. डोंगरावर ती संधि मिळेलच असें नाहीं. श्नायडरनें माणसांच्या इयत्ता लाविल्या, पुढील पिढीनें उतारांच्या. या दोहोंची गांठ घालण्याचें काम मात्र ज्याचें त्यानेंच करावयाचें आहे. आपल्यापैकीं कोणी गुलमर्गला गेले, तर एवढें स्मरणांत ठेवावें. पाळणा वर नेईल. खालीं येणें आपल्या पायांवर आहे.