पडावातून मालवण

पहाटेचे चार-साडेचार. महिना नोव्हेंबर, साल 1965. आगबोटीच्या डेकवर तुम्ही वळकटीला टेकून बसला आहात. काल भाऊच्या धक्क्यावर जागा धरायला म्हणून घाईघाईने अंथरलेली सतरंजी दवाने ओलसर झाली आहे. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, एकेक बंदर मागे पडलं. शेजारच्या काकींना रत्नागिरीपर्यंत बोट लागली होती. मुठीतलं लिंबू त्यांनी अजून सोडलेलं नाही. भोंगा होतो, यंत्रांची धडधड मंदावते आणि डेकभर एकच गडबड उडते. ट्रंका ओढल्या जातात, झोपलेली पोरं खांद्यावर येतात. मालवण आलं.

आलं, पण अजून पाण्यापलीकडे आहे. बंदराचं तोंड खडकांनी भरलेलं, त्यामुळे मोठी बोट लांब खोल पाण्यात उभी राहते. अंधारातून दोन-तीन कंदील हलत जवळ येतात. ते पडाव. बोटीच्या कुशीला लागून पडाव वर येतो, खाली जातो. वर येतो तेव्हा हातभर अंतर, खाली जातो तेव्हा पुरुषभर. शिडीच्या शेवटच्या पायरीवर तुमचे पाय थिजतात. खालून एक खलाशी हात वर करतो.

"घाबरां नकात बाबानू! लाट वर इली काय पाय टाका, आदी नको!"

लाट वर येते, तुम्ही पाय टाकता आणि एक खरखरीत, मिठाने चिरलेला पंजा तुमचं मनगट धरतो. तो पंजा नीट लक्षात ठेवा. मालवणात तुम्हाला पुढे जे काही बघायचं आहे, ते त्याच्या ओळखीने बघायचं आहे.

काठावर उतरलात की गावात शिरण्याची घाई करू नका. ओहोटी लागली आहे, तिचा फायदा घ्या. किल्ल्यासमोरच्या किनाऱ्यावर खडकांमधून वाट काढत चालत राहा. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, वहाणा काढू नका. थोड्याच वेळात एक मोठा काळा धोंडा लागेल. वाकून बघा: दगडावर गणपती कोरलेला आहे, चंद्र-सूर्य आहेत, शिवलिंग आहे. हा मोरयाचा धोंडा. तळहात त्यावर टेकवा आणि मान वर करा.

समोरचा किल्ला नाहीसा झाला आहे.

पाण्यात फक्त एक उघडंबोडकं खडकाळ बेट दिसतं. त्याचं नाव कुरटे. तारीख 25 नोव्हेंबर 1664. धोंड्यापाशी समया तेवताहेत, वाऱ्याने विझताहेत, पुन्हा पेटवल्या जाताहेत. नारळ, फुलं, ओल्या दर्भाचा वास. मंत्रांचा आवाज लाटेच्या आवाजात मिसळून जातो. तुम्ही मागे, गर्दीच्या कडेला उभे आहात. तुमच्या शेजारी लंगोट लावलेली, उन्हाने रापलेली माणसं आहेत. पूजेकडे त्यांचं लक्ष आहेच, पण डोळे सारखे पाण्याकडे वळतात. खडक कुठे आहेत, पाणी कुठे खोल आहे, भरती कधी फिरेल, हे या सगळ्या जमावात त्यांनाच ठाऊक आहे. ही जागा किल्ल्याला योग्य आहे हे शिवाजी राजांनी ओळखलं, पण बेटापर्यंत होडी न फुटता कशी न्यायची हे इथल्या दर्यावर्दींनी दाखवलं. मला विचाराल तर सिंधुदुर्गाच्या पायातला पहिला दगड हे ज्ञान आहे.

राजे का आले आहेत, तेही जमावातल्या कुजबुजीवरून कळतं. जंजिऱ्याचा सिद्दी उत्तरेला, पोर्तुगीज गोव्यात, वेंगुर्ल्याला डचांची वखार, वर इंग्रज. ज्याच्याजवळ समुद्र नाही त्याच्या किनाऱ्यावर दुसऱ्याचं राज्य चालतं. पूजा संपते, होड्या लोटल्या जातात. दगड, चुना आणि शिसं बेटाकडे निघतं. पायाच्या दगडांत शिसं ओतून तो पक्का केल्याचं मालवणात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. काम जवळजवळ तीन वर्षं चाललं.

आता तुम्हीही होडीत बसा. अंतर थोडंच आहे, वल्ही मारत जायला फार वेळ लागत नाही. तेवढ्या वेळात एकतीस वर्षं सरतात.

1695. समोर सलग तट उभा आहे. होडी थेट भिंतीवर आदळणार असं वाटतं, कारण दरवाजा दिसतच नाही. नुसते बुरूज आणि काळा दगड. होडी डावीकडे-उजवीकडे झुलत खडकांमधून सरकते, आणि अगदी शेवटच्या क्षणी दोन बुरूज एकमेकांपासून अलग होतात. त्यांच्या वळणात, आत वळवून लपवलेला दरवाजा! किल्ला 48 एकरांचा, तटाचा घेर जवळपास 3 किलोमीटर, आणि त्याचं तोंड शत्रूच्या गलबताला लांबून सापडू नये अशी ही रचना. हे फोटोत समजत नाही, होडीतच समजतं. म्हणून होडीत मोबाइल खिशात ठेवा, असं आजच्या काळातल्या तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो.

आत शिरल्यावर दरवाजाजवळच्या दोन लहान घुमट्या बघा. चुन्याच्या गिलाव्यात एका ठिकाणी हाताचा ठसा आहे, दुसरीकडे पायाचा. शिवाजी महाराजांचे म्हणून त्यांना नमस्कार करतात. हाताच्या ठशासमोर जरा थांबा. बोटं थोडी फाकलेली आहेत, जसा ओल्या चुन्यावर हात दाबला की फाकतो तसा.

पुढे माडांच्या सावलीतून शिवराजेश्वर मंदिराकडे चला. ते नुकतंच उभं राहतं आहे. ज्यांच्या आज्ञेने हे देऊळ होतं आहे ते छत्रपती राजाराम इथे नाहीत. ते शेकडो कोस दूर जिंजीच्या किल्ल्यात मोगलांच्या वेढ्याला तोंड देत आहेत. स्वराज्याची अशी ओढाताण चालू असताना एका मुलाला आपल्या वडिलांचं देऊळ समुद्रातल्या किल्ल्यावर असावं असं वाटलं, हे मला फार मोलाचं वाटतं. गाभाऱ्यात डोकावा. मूर्ती वीरासनात आहे, पण चेहरा आपल्या ओळखीचा नाही. दाढी नाही, डोक्यावर जिरेटोप नाही. साधी टोपी आहे. मालवणी माणूस तुम्हाला सांगेल, हे नावाड्याच्या वेशातले महाराज. पडावातला तो पंजा आठवला?

उन्हाने घसा सुकला असेल तर विहिरीवर जा. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याच्या या तीन विहिरी. त्या नसत्या तर एवढ्या तटाचा उपयोग शिबंदीला फार दिवस झाला नसता.

तटावर चढा. चढता चढता 1765 साल येतं आणि बुरुजावर इंग्रजांचं निशाण दिसतं. किल्ल्याचं नाव त्यांनी 'फोर्ट ऑगस्टस' ठेवलं आहे. ते नाव इथे रुजलं नाही, म्हणून तिथे फार रेंगाळायला नको. किल्ला करवीरकरांकडे, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींकडे परत आला. पुढे 1812 च्या तहाने मालवण बंदर मात्र कायमचं इंग्रजांकडे गेलं. तटाच्या पायऱ्या उतरा, होडी थांबली आहे.

परत 1965. ऊन वर आलं आहे. दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढायला घेतली आहे आणि तुम्ही नुसतं बघत उभे राहू शकत नाही, दोर हातात दिला जातो. जाळं होडीने अर्धगोल फिरवून समुद्रात टाकलेलं असतं. त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर दोन रांगांनी ओढायची. दोर ओला, काथ्याचा, तळव्याला काचणारा. पुढचा माणूस टाच वाळूत रुतवतो, तुम्हीही रुतवता. तासभर काहीच दिसत नाही. मग पाणी एका जागी थरथरायला लागतं, वर घारी जमतात, आणि शेवटच्या वीस-पंचवीस हातांत जाळ्याचा घोळ रुपेरी होऊन उसळतो. तारली, बांगडे, पेडवे. टोपल्या घेऊन आलेल्या बायका भाव करायला लागतात. ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो. तुमच्याही हातात कोणीतरी चार बांगडे ठेवतं, नको म्हणू नका.

त्या बांगड्यांचं दुपारी तिखलं होतं. वाटणात नारळ, लाल मिरची, आणि ठेचून टाकलेली तिरफळं. तिरफळ दाताखाली आलं की जिभेला मुंग्या येतात. बी खायची नसते, बाजूला काढायची. उकड्या तांदळाचा भात, वर सोलकढी. पानावर बसलेलं कोणी फारसं बोलत नाही.

रात्री जत्रा आहे. देवळासमोर एक बाकडं, मागे पडदा, पेटीवाला आणि मृदंग. दशावतार सुरू व्हायला मध्यरात्र होते. लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद तिथल्या तिथे जन्माला येतात. लुगडं नेसून रुक्मिणी झालेला माणूस कदाचित सकाळी रापणीत तुमच्या पुढे होता. आल्याचा तिखटपणा असलेलं गुळाचं खाजं कागदाच्या पुडीतून खात तुम्ही पहाटेच्या दहिकाल्यापर्यंत जागे राहता. तिथेच जमिनीवर डोळा लागतो.

जाग येते ती आजच्या मालवणात. आगबोट बंद होऊन काही दशकं झाली. 1998 पासून कोकण रेल्वे धावते. कुडाळ किंवा कणकवलीला उतरून रस्त्याने यायचं. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या 12 मराठा किल्ल्यांत सिंधुदुर्ग आहे आणि जिंजीही आहे. 1695 चं ते देऊळ आठवून ही यादी वाचली की अंगावर काटा येतो.

किनाऱ्यावरच्या राजकोट किल्ल्याच्या बाजूलाही जाऊन या. 4 डिसेंबर 2023 रोजी तिथे महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि 26 ऑगस्ट 2024 रोजी तो कोसळला. नऊ महिनेही टिकला नाही. आता त्या जागी नवा, अधिक उंच पुतळा आहे. तिथून मान वळवली की साडेतीनशेहून अधिक पावसाळे खाल्लेला तट दिसतो. पुतळा पडायला ज्या वाऱ्याचं कारण सांगितलं गेलं, तोच वारा त्या तटावरही रोज आदळतो. ही गोष्ट मनाला लागते, आणि ती लागायलाच हवी.

किल्ल्याभोवतालच्या पाण्यात प्रवाळ आहे. 1987 मध्ये इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, 29.12 चौरस किलोमीटरचं. पाण्याखाली उतरणार असाल तर प्रवाळावर पाय टेकू नका. तो दगड दिसत असला तरी जिवंत आहे आणि बोटभर वाढायला त्याला वर्षं लागतात. आठवण म्हणून तुकडा तोडून आणू नका. होडी ठरवताना घासाघीस करू नका. दोन दिवस काढून या, एका दुपारीत किल्ला 'करून' पुढे पळू नका.

आणि पावसाळ्यात येऊ नका, निदान किल्ल्यासाठी तरी. समुद्र खवळला की होड्या वर ओढून ठेवतात आणि किल्ल्यावर राहणारी बहुतेक कुटुंबंही काठावर येतात. नारळी पौर्णिमेला किल्ल्यावरून मानाचा नारळ येतो, तो समुद्राला अर्पण होतो. त्यानंतर पाणी निवळलं की होड्या पुन्हा सुटतात.