खोताची ओटी विकणे आहे

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका दैनिकात चार ओळींची छोटी जाहिरात आली. 'गुहागर तालुक्यात समुद्रालगत ऐतिहासिक चिरेबंदी घर, आंब्याच्या कलमांसह विकणे आहे.' ते घर आमचं. सातबाऱ्यावर चौदा नावं, त्यातली नऊ पुण्यातली. माझी सही अजून व्हायची आहे.

चिरा जांभ्याचा. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो. वारं लागलं की टणक होतो. रत्नागिरीत ब्रह्मदेशच्या थिबा राजासाठी १९१० साली राजवाडा बांधला, तोही जांभ्याचाच. खारा वारा नि कोकणातला पाऊस सोसावा तर याच दगडाने.

मला अडखळायला झालं ते 'ऐतिहासिक' या शब्दापाशी. आम्ही खोत. गावचा सारा वसूल करून सरकारात भरायचा, आणि अर्धेलीच्या कुळाकडून निम्मं भात घ्यायचं. आमची ओटी चांगली कमरेएवढी उंच. भात मोजलं जाई ते खाली अंगणात. खोत वर बसलेला, कूळ खाली उभं.

कोकणातून घाटावर आलेल्यांचा इतिहास पुण्यात सुरू होतो तो श्रीवर्धनच्या भटांपासून. १७१३ साली बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले, वगैरे. त्यात हे अंगण येत नाही. अलिबागजवळ चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून सहा वर्षं खोतांची शेतं पडीक ठेवली. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्यांचं मूळ गाव आंबडवेही आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातलं. प्रत्यक्ष कायदा व्हायला मात्र १९४९ साल उजाडलं. पुढे १ एप्रिल १९५७ पासून कसणारी कुळं जमिनीची मालक झाली.

'सगळं कुळकायद्यात गेलं' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. ते कुणाला मिळालं, हे आमच्या माजघरात कधी कुणी बोललं नाही.

घराची किल्ली आज आमच्या जुन्या कुळाच्या नातवाकडे असते. दर मे महिन्यात कौलं तोच परततो, पडवीला झापं तोच बांधतो. जाहिरात त्याच्याही कानावर गेली. परवा त्याचा फोन आला.

"किती मागताय?"

मी आकडा सांगितला. तो थोडा वेळ गप्प राहिला.

"या एकदा. ओटीवर बसून बोलू."