नावांच्या पोटी दडलेला अर्थ

१८७९ साली पवित्र मरियेच्या दर्शनाने पावन झालेले आयर्लंडमधील 'नॉक' आम्हां कॅथलिकांस परिचित आहे. गेलिक भाषेत या शब्दाचा अर्थ केवळ 'टेकडी'. तेथे १८२४ साली ब्रिटिश भूमापन सुरू झाले. १८३० साली त्या कामावर रुजू झालेले पंडित जॉन ओ'डोनोव्हन पुढे गावोगाव हिंडले आणि वृद्धांच्या मुखातून ऐकलेली डोंगर-ओढ्यांची मूळ नावे त्यांनी वह्यांत उतरविली. नकाशावर मात्र इंग्रजी वळणाची रूपे आली. त्यांतील 'किल' म्हणजे मुळात चर्च की रान, हे नुसत्या नकाशावरून उमगत नाही. किल्डेअर म्हणजे ओकवृक्षाचे चर्च, संत ब्रिजिडचे स्थान. १८४५ नंतरच्या महादुष्काळात गेलिक बोलणारे असंख्य लोक मेले, कित्येक परागंदा झाले, वह्या उरल्या. आपल्या टेकड्या-ओढ्यांची नावेही वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवावीत, अशी आमची विनंती आहे.