अपघाताच्या क्लेमची कुळकथा

नगर जिल्ह्यात कुणाच्या घरी अपघात झाला, की भेटायला आलेली माणसे आधी 'आता कसं आहे' विचारतात आणि उठता उठता 'क्लेम टाकला का' म्हणून चौकशी करतात. ट्रकने उडवले, उसाची ट्रॉली अंगावर आली, हात गेला, पाय गेला, तर गाडीच्या विमा कंपनीकडे भरपाई मागता येते, हे आज बांधावरच्या माणसालाही ठाऊक आहे. ही सोय काही एका दिवसात झालेली नाही. ती पावणेदोनशे वर्षांत पायरी पायरीने उभी राहिली, आणि बहुतेक पायऱ्यांच्या मागे रिकाम्या हाताने घरी परतलेला कुणीतरी जखमी माणूस किंवा कुणाची तरी विधवा आहे. क्लेमकडे सरकारी मदत म्हणून पाहणाऱ्यांनी ही कुळकथा माहीत करून घ्यायला हवी, कारण तिच्यातूनच हा हक्क काय आहे आणि अजून कुणापर्यंत पोचलेला नाही, ते कळते.

मूळ इंग्लंडात आहे. तिथल्या जुन्या कायद्याप्रमाणे गाडीखाली पाय मोडलेल्या माणसाला गाडीवाल्यावर दावा करता येई. पण तोच माणूस मेला तर त्याचा दावाही त्याच्याबरोबर संपे आणि बायकापोरांना काही मागता येत नसे. ज्या गाडीने किंवा जनावराने जीव घेतला, ती गाडी, ते जनावर किंवा त्याची किंमत मात्र राजाकडे जमा होई. या प्रथेला 'डिओडंड' म्हणत. रेल्वे आली, इंजिनाखाली माणसे मरू लागली आणि ही जुनी रीत पुरेनाशी झाली. १८४६ मध्ये पार्लमेंटने डिओडंड रद्द केला आणि त्याच वर्षी मृताच्या कुटुंबाला भरपाईचा अधिकार दिला. आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, आणि १८५५ मध्ये तसाच प्राणांतिक अपघात कायदा इथे आला. त्यात पती, पत्नी, आईबाप आणि मुले यांनाच हक्क होता. धाकट्या भावाच्या कमाईवर घर चालत असले तरी थोरल्याला त्यात जागा नव्हती. एकत्र कुटुंबाच्या या देशात मोटार अपघातापुरती ती जागा मिळायला सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा निकाल यावा लागला.

शिवाय हा दावा दिवाणी कोर्टात चाले. रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरा, साक्षीदार आणा, ड्रायव्हरचा हलगर्जीपणा शाबीत करा, तारखा मोजा. एवढे करून हुकूमनामा हाती पडला तरी ट्रकमालकाकडे द्यायला पैसे असतीलच असे नाही. कर्ज काढून एक गाडी घेतलेला मालक, आणि तीच गाडी अपघातात मोडलेली! अशा वेळी हुकूमनाम्याचा कागद घेऊन जखमी माणूस जाणार कुठे?

त्यावर उतारा निघाला विम्याचा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीने तिऱ्हाइताच्या जोखमीचा विमा उतरवलाच पाहिजे असे कलम होते, पण ते प्रकरण अमलात आले १ जुलै १९४६ रोजी. आज आपण ज्याला 'थर्ड पार्टी' म्हणतो तो तेव्हापासूनचा. मालकाच्या खिशात काही असो नसो, आता कंपनीकडे बोट दाखवता येऊ लागले. नगर जिल्ह्यापुरते पाहिले तर ही वेळ महत्त्वाची होती. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे-नगर मार्गावर धावली. १९५०-५१ च्या हंगामात लोणीला प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या प्रयोगामागोमाग जिल्ह्यात कारखाने वाढले. ऊस आधी बैलगाडीतून जाई, मग ट्रक आले, मग ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन-दोन ट्रॉल्या. पुणे-नगर, नगर-मनमाड, संगमनेरवरून जाणारा पुणे-नाशिक हे रस्ते अवजड वाहनांनी भरून गेले.

मात्र विमा होता तोही मापातच होता. मालवाहू गाडीच्या एका अपघातासाठी कंपनीची जबाबदारी सुरुवातीला सगळी मिळून २० हजार रुपये होती. १९६९ च्या दुरुस्तीने ती ५० हजार झाली, १९८२ मध्ये दीड लाख. एका ट्रकखाली चार माणसे सापडली तर तेवढ्यातच चौघांची वाटणी. मृत्यू आणि इजेपुरती ही मर्यादा काढून टाकली ती १९८८ च्या नव्या कायद्याने. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला.

दरम्यान १९५६ च्या दुरुस्तीने दिवाणी कोर्टाची वाट सोडून वेगळे न्यायाधिकरण आले. एक अर्ज, सोपी कार्यपद्धती, आणि विमा कंपनी सुरुवातीपासून समोर. आपल्याकडे जिल्हा न्यायाधीश हेच काम न्यायाधिकरण म्हणून पाहतात. नगरखेरीज श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगावलाही हे दावे चालतात, आणि अपील छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जाते.

तरीही एक अडचण तशीच राहिली होती: चूक कुणाची? रात्री दोन वाजता घाटात ट्रकने उडवलेला माणूस बेशुद्ध पडलेला असतो. त्याने ड्रायव्हरचा हलगर्जीपणा कसा शाबीत करायचा? मुंबईतल्या एका ट्रक अपघाताच्या खटल्यात उच्च न्यायालयाने उदार भूमिका घेतली: सार्वजनिक रस्त्यावर गाडीमुळे इजा झाली एवढे भरपाईला पुरे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. कायदा आहे तसा वाचला तर हलगर्जीपणा शाबीत करावाच लागेल, असे ठरले. मग कायदाच बदलणे आले. १९८२ मध्ये 'चूक कुणाची' हे न विचारता ठरावीक रक्कम देण्याचे कलम घातले गेले: मृत्यूला १५ हजार, कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार. पुढे हे आकडे २५ आणि १२ हजार, १९९४ मध्ये ५० आणि २५ हजार असे वाढत गेले. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख आहेत. गाडी पळून गेली, नंबरच मिळाला नाही, तर २ लाख आणि ५० हजार मिळतात. त्यासाठीचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची.

१९८२ च्या त्या कलमाची मोठी कसोटी आपल्याच महाराष्ट्रात लागली. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे तीनच्या सुमारास पुणे-बंगळूर महामार्गावर सातारा जिल्ह्यात कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची धडक झाली. टँकर रस्त्याच्या कडेला कलंडला आणि पेट्रोल गळू लागले. गावची माणसे जमली. सकाळी सातनंतर भडका उडाला आणि त्यात कित्येक जण गेले. मालक आणि कंपनीचे म्हणणे असे की धडक होऊन चार तास उलटले होते, टँकर चालत नव्हता, मग हा मृत्यू 'मोटारीच्या वापरातून' कसा? १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले: वापर म्हणजे चाके फिरणे एवढेच नव्हे. उभी, बंद पडलेली, उलटलेली गाडीही वापरात असू शकते, आणि तिच्यामुळे ओढवलेल्या संकटाची जबाबदारी टळत नाही.

नगरच्या माणसाला या निकालाचे मोल समजावून सांगावे लागत नाही. हंगामात रात्री राहाता-कोपरगावच्या रस्त्याला टायर फुटलेली ट्रॉली कडेला उभी असते. दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. चाकामागे दगड आणि खुणेला बाभळीची फांदी. मागून मोटारसायकलवाला येतो आणि अंधारात थेट बाहेर आलेल्या उसाच्या मोळ्यांवर आदळतो. 'गाडी तर उभीच होती' हे उत्तर कवठ्याच्या निकालापुढे टिकत नाही.

आता रकमेची गोष्ट. भरपाई अंदाजपंचे देऊ नये म्हणून गुणकाची, म्हणजे वर्षाच्या कमाईला ठरावीक आकड्याने गुणण्याची, पद्धत आली. तिचे मूळ वेल्समधल्या कोळसा कंपनीविरुद्धच्या १९४२ च्या खटल्यात आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती १९९४ मध्ये नेहमीची रीत म्हणून पक्की केली, आणि २००९ मध्ये वयाप्रमाणे कोष्टक ठरले. जखमी माणसाच्या बाबतीत हा हिशेब कसा बसतो ते पाहू. समजा ३२ वर्षांचा ऊसतोड मजूर, महिन्याची कमाई १२ हजार. वर्षाचे १ लाख ४४ हजार. पुढे वाढली असती त्या कमाईचे ४० टक्के धरून २ लाख १ हजार ६००. या वयाला गुणक १६, म्हणजे ३२ लाख २५ हजार ६०० रुपये. त्याचा उजवा हात निकामी झाला आणि डॉक्टरांच्या दाखल्यावर शरीराचे अपंगत्व ४० टक्के लिहिले, तर कंपनी म्हणते ४० टक्केच द्या: १२ लाख ९० हजार २४०. पण या हाताने कोयता धरायचा होता! कोयता सुटला की त्या माणसाची कमाई ४० टक्क्यांनी कमी होत नाही, ती जवळजवळ संपते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात हेच सांगितले. डावा हात गेलेला सरकारी कारकून नोकरीत राहू शकतो, सुताराचे किंवा ड्रायव्हरचे मात्र सगळेच जाते. म्हणून कमाईची हानी माणसाच्या कामावरून मोजा, नुसत्या दाखल्यावरच्या आकड्यावरून नव्हे. या एका मुद्द्यावर वरच्या उदाहरणात एकोणीस लाखांच्या आसपास फरक पडतो. औषधपाणी, वेदना, पुढचे ऑपरेशन, सांभाळायला लागणारे माणूस हे सगळे वेगळे.

यातही बाईचा हिशेब मागे पडतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांच्या नावाने ठरते, पण मुकादमाच्या वहीत बहुधा नवऱ्याचे नाव असते. बाई ट्रकखाली सापडली की कंपनीचा वकील उत्पन्नाचा पुरावा मागतो आणि पुरावा तर नवऱ्याच्या नावावर. फडात मोळी बांधून ती डोक्यावर वाहून गाडी भरणाऱ्या बाईची अर्धी कमाई दाव्यात स्पष्ट लिहायला हवी, आणि वर घरकामाचे मोलही. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाला पैशात किंमत आहे, हे न्यायालयाने २००१ पासून पुन्हा पुन्हा मान्य केले आहे.

१९९४ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली, ती नगर-बीडच्या मजुरांसाठी फार मोठी आहे. तोवर दावा अपघात झाला त्या भागातल्या न्यायाधिकरणात करावा लागे. आता जखमी माणूस राहतो तिथेही तो करता येतो. कोल्हापूरला किंवा कर्नाटकात ऊस तोडायला गेलेल्या पाथर्डी-शेवगावच्या माणसाला प्रत्येक तारखेला तिकडे जावे लागत नाही. दावा नगरला चालतो.

मग उरले कोण? उरला तो ट्रॉलीतच बसलेला मजूर. दिवाळीनंतर भांडीकुंडी, पोरेबाळे, शेळ्या आणि कोपीचे सामान घेऊन टोळ्या ट्रकमधून, ट्रॉल्यांमधून निघतात. गाडी उलटली की कंपनी सांगते, ही मालवाहू गाडी आहे, हे प्रवासी आहेत, पॉलिसीत यांची जोखीम नाही. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालवाहू गाडीतल्या फुकट प्रवाशाला विमा कंपनी बांधील नाही असे ठरवले. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी, आणि गाडीमालकाचा नोकर, यांना संरक्षण आहे. पण मुकादमाने आणलेला मजूर कुणाचा नोकर, मुकादमाचा, वाहतूकदाराचा की कारखान्याचा, यावर वर्षानुवर्षे वाद चालतो. कधी न्यायाधिकरण कंपनीला आधी भरायला लावून मालकाकडून वसूल करायला सांगते, कधी मालकावरच हुकूम होतो आणि गोष्ट १९४६ च्या आधी होती तिथे येऊन थांबते.

याला उपाय आहे. कारखाना दर हंगामाला तोडणी-वाहतुकीचे करार करतो. त्या करारातच ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या पॉलिसीत मजुरांच्या जोखमीचा जादा प्रीमियम भरल्याची अट घालावी आणि पावती पाहिल्याशिवाय गाडीला नंबर देऊ नये. गाळपाच्या उलाढालीपुढे हा खर्च काहीच नाही. राज्यातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात ज्या जिल्ह्यात झाली, त्याने हे राज्याला करून दाखवावे, ही अपेक्षा रास्त आहे.

आणि ज्याच्यावर आज वेळ आली आहे त्याने काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. १ एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर बसू नये. मे २०२५ पासून अपघातानंतर सात दिवस दीड लाखांपर्यंत विनारोकड उपचारांची योजना लागू आहे. दवाखान्यात तिची चौकशी करावी. फिर्याद, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले आणि मुकादमाच्या वहीचा फोटो जपून ठेवावा. कंपनीचा माणूस अडीच किंवा पाच लाखांची तडजोड घेऊन आला, तर वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नये, कारण ती रक्कम स्वीकारली की मोठा दावा संपतो. फीची सोय नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. इतक्या खटल्यांनी आणि इतक्या दुरुस्त्यांनी मिळालेला हा हक्क माहितीअभावी कुणाच्या हातून जाऊ नये.