भट्टीचा वारसा

पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या बेकरीचा विषय निघाला की आपल्याकडे आधी गुप्त कृतीची आख्यायिका सांगितली जाते. पश्चिम किनाऱ्यावरच्या पावाचा इतिहास पाहता ती मला पटत नाही. सोळाव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी गोव्यातल्या सासष्टीत पाव रुजवला, आणि माजोर्डे हे गाव या धंद्याचे मूळ मानले जाते. यीस्ट नव्हते, म्हणून पीठ माडाच्या सुरेवर, म्हणजे माडीवर, फुगवत. सूर गावोगाव निघायची, मळणे-भाजणे शेजाऱ्याला दिसायचे. लपवण्याजोगे काही नव्हतेच. तरी पोदेराचा, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याचा, धंदा घराण्यात टिकला, तो माझ्या मते भट्टीमुळे. जाड भिंतींची ही भट्टी तापायला तासन्‌तास लागतात, आणि एकदा गार पडली की पुन्हा तापवायला लाकूड फार जळते. ती रोज पेटली तरच परवडते. निखारे ओढून काढायचे, तळ साफ करायचा आणि लांब दांड्याच्या फळीवरून उंडे आत सरकवायचे. पाव भाजतो तो भिंतींनी धरून ठेवलेल्या उष्णतेवर. पहाटे आणि पुन्हा संध्याकाळी दारोदार ताजा पाव पोचवायचा तर अर्धे घर रात्री जागे हवे. शिवाय शेताची वाटणी होते, भट्टीची होत नाही. थोरल्याने ती सांभाळली की धाकट्याला दुसरे गाव गाठणे भाग. गोव्याचे पाववाले मुंबईत पसरले त्यामागे हेही एक कारण असावे. भायखळ्याची अमेरिकन एक्सप्रेस बेकरी 1908 साली एका गोवेकरानेच काढली.

यावर कोणी म्हणेल, खरे कारण सोवळे आहे. आक्षेप वजनदार आहे. 1849च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाणे ही जात मोडल्याची खूण होती, आणि 1890 साली पुण्यात ख्रिस्ती पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून रानडे-टिळकांनाही ग्रामण्याला, म्हणजे जातीच्या बहिष्काराला, तोंड द्यावे लागले. साहजिकच हे क्षेत्र ख्रिस्ती, मुसलमान, पारशी आणि इराणी कुटुंबांसाठी मोकळे राहिले. पण सोवळ्यातून कळते ते धंद्यात कोण शिरले एवढेच. नातवाने तो का सोडला नाही, हे कळत नाही. दुसरा आक्षेप पुण्याच्या श्रूजबेरी बिस्किटांचा. इराणी कुटुंबाने 1955 साली काढलेल्या कयानी बेकरीपुढे आजही रांग लागते, ती कृतीसाठीच ना? पण श्रूजबेरी केकच्या कृती इंग्रजी पाकपुस्तकांत शतकांपूर्वीच छापल्या गेल्या आहेत. कागदावरच्या कृतीला रोजच्या आचेचा आणि हाताचा अंदाज देता येत नाही. तो त्याच भट्टीपाशी वर्षानुवर्षे उभे राहून येतो.

सगळ्यात बोलका पुरावा आजच्या गोव्यात आहे. पोदेराची मुले बोटीवर किंवा परदेशी गेली, आणि कित्येक भट्ट्या कर्नाटकातून आलेल्या कारागिरांनी चालवायला घेतल्या. कोंड्याची पोळी, कात्रे, काकण हे पावाचे प्रकार तिथेच भाजले जातात. कृती रक्तातून उतरत असती तर हे झाले नसते. वारसा भट्टीचा आहे, म्हणूनच मुंबईतल्या लाकडाच्या भट्ट्यांचा प्रश्न नुसता इंधनाचा नाही. जानेवारी 2025मध्ये उच्च न्यायालयाने त्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. शहराची हवा सुधारायलाच हवी. त्या धुरात पहिला श्वास भट्टीवाल्याचाच असतो. पण वडापावाची लादी पुरवणाऱ्या छोट्या बेकरीला नवी भट्टी म्हणजे मोठे कर्ज, आणि तेवढा खर्च करण्याआधी पुढची पिढी धंद्यात राहणार का, हे त्या घराला आताच ठरवावे लागते आहे. पालिकेने मुदतीबरोबर स्वस्त कर्जाचीही सोय करायला हवी.