मागणीचा मायना : लहान संग्रहालये आणि अनुदानाचा अर्ज

मराठी गद्याचा इतिहास शिकवताना आपण महानुभावांपासून निघतो, बखरींवरून ऐतिहासिक पत्रांकडे येतो आणि निबंधमालेपाशी विसावतो. या वाटेवर ‘अर्ज’ नावाचा प्रकार कुठे लागत नाही. वस्तुतः ‘अर्जदास्त’ हा शब्द आपल्या जुन्या दफ्तरांत जागोजागी भेटतो आणि ‘विनंती उपरी’ या दोन शब्दांनंतर काय मागितले जाते याची उत्सुकता प्रत्येक संशोधकाला असते. तरीही मागणे हा लेखनाचा एक स्वतंत्र प्रकार आहे, त्याला स्वतःचा मायना आणि स्वतःचे तर्कशास्त्र आहे, असे आपण विद्यार्थ्यांना कधी सांगितले नाही. आम्हांलाही ते उशिराच कळले आणि कळले ते चुकून.

काही वर्षांपूर्वी भूमच्या परिसरातील एका गावची मंडळी आमच्याकडे आली होती. गावातील एका हौशी गृहस्थांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तू एका खोलीत रचून ठेवल्या होत्या. नाणी, पोथ्या, तांब्यापितळेची भांडी, जुनी शस्त्रे, शेतीची अवजारे असा तो संसार होता. त्यासाठी एका संस्थेकडे अनुदान मागायचे होते. “तुम्ही मराठीचे, तुमचे लिहिणे चांगले,” एवढ्या भरवशावर ते काम आमच्याकडे आले. आम्ही चार पाने लिहिली. बालाघाटाच्या रांगा, परंड्याचा किल्ला, १७९५ ची खर्ड्याची लढाई, कुंथलगिरीचे जैन तीर्थ, सगळे त्यात होते. उत्तर एका परिच्छेदाचे आले : एकूण वस्तू किती? सूची कुठे? वस्तूंच्या मालकीचा पुरावा काय? मागील वर्षांचे लेखापरीक्षण झाले आहे काय? ‘त्रुटींची पूर्तता करून अर्ज पुन्हा सादर करावा.’ पूर्तता झाली नाही. त्या खोलीला आजही कुलूप आहे. आम्ही स्थलमाहात्म्य लिहिले होते. मागितला होता तो हिशेब. ही चूक आमची होती आणि तिचा विचार करतानाच पुढील इतिहास आमच्यापुढे उलगडत गेला.

दानाचा लेख आणि मागणीचा लेख यांत मोठा फरक आहे. दान शिळेवर कोरले जाते, म्हणून ते टिकते. मागणी टिकत नाही. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कधीही न मोडता केवळ व्याज वापरायची ठेव, विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवल्याचे नमूद आहे. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,००० कार्षापण शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासासाठी राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत, असे तो सांगतो. वाचकाने हिशेब करून पाहावा : दरमहा वीस, वर्षाचे दोनशेचाळीस, वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा. आकडा तंतोतंत जुळतो. हा हिशेब भिक्षूंच्या बाजूने कोणी मांडला होता काय, हे लेख सांगत नाही. मात्र लेणे खोदून दिले की आपले काम संपले असे उषवदाताला वाटले नाही. लेण्यात राहणाऱ्या माणसाला दरवर्षी वस्त्र लागते, हे त्याने मुद्दाम जमेस धरले. दगडाचा खर्च एकदाच होतो, माणसाचा दरवर्षी. आजच्या संग्रहालयांचा सगळा प्रश्न या एका वाक्यात सामावतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी प्रदेशात संग्रह करण्याची जी ओढ निर्माण झाली, तिने पैसा उभारण्याचे तीन मार्ग चोखाळले. पहिला वर्गणीचा. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, ते सभासदांच्या बळावर. राजवाड्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळ्यात उभे राहिलेले राजवाडे संशोधन मंडळही याच वळणाचे. दुसरा मार्ग आश्रयाचा. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपला चित्रशिल्पसंग्रह १९३८ मध्ये संग्रहालयाच्या रूपाने लोकांपुढे ठेवला. तेथे मागणारा आणि देणारा एकच होता. भांडारकर संस्थेच्या महाभारत प्रकल्पालाही बाळासाहेबांचा आधार होता. याच संस्थेने निजामाकडे साहाय्य मागितले, तेव्हा मीर उस्मान अली खान यांनीही ते मान्य केले. संस्थेच्या आवारातील निजाम अतिथिगृह त्याची साक्ष आहे. ज्या राजाच्या नावाने आमचा जिल्हा २०२३ पर्यंत अधिकृतपणे ओळखला जात होता, त्याच राजाकडे पुण्याच्या पंडितांचे विनंतिपत्र गेले होते आणि ते मान्य झाले होते, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांना नेहमीच चकित करते.

तिसरा मार्ग समर्पणाचा. पुण्याचे दिनकर केळकर साहित्याच्या विद्यार्थ्यांना ‘अज्ञातवासी’ या नावाने ठाऊक आहेत. कवी म्हणून आरंभ करणाऱ्या या माणसाने अडकित्ते, दिवे, दौती, वाद्ये, दरवाजे गोळा करण्यात आयुष्य घालवले आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने उभा केलेला संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. खाजगी संग्राहकाला आपल्यानंतरची चिंता असते. वारसांची वाटणी, भाड्याची जागा, वाळवी आणि चोर यांच्यापुढे एकट्या माणसाची हौस किती पुरणार? शासन हा त्याला शेवटचा आसरा वाटतो.

आमच्या जिल्ह्यात या तिसऱ्या मार्गाचे उदाहरण तेरचे. पेरिप्लसच्या अज्ञात ग्रीक लेखकाने पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे नगर असल्याचे आणि तेथून नाना तऱ्हेचे कापड गाड्यांतून भडोचला जात असल्याचे लिहून ठेवले आहे. हे तगर म्हणजेच तेर, असे फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवले. संत गोरा कुंभारांच्या या गावात जमिनीतून निघणाऱ्या मृण्मूर्ती, मणी, नाणी आणि शंखाच्या बांगड्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी वेचून जपल्या. १९६० मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी तेरवर पुस्तिका लिहिली. १९६९ मध्ये चापेकरांचा उत्खनन-अहवाल आला. लामतुऱ्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेरला आहे. त्यातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे जवळचे नाते १९३८ मध्ये पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी सांगितले जाते. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या त्या नगरातील मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिची थोरली वा धाकटी बहीण आमच्या जिल्ह्यातील एका खेड्यात आहे.

समर्पणाने संग्रह वाचतो, हे खरे. पण त्याबरोबर मागण्याचा अधिकारही हातून जातो. शासकीय संग्रहालयाची गरज संचालनालयाच्या अंदाजपत्रकातून बोलते. खाजगी न्यासाचे संग्रहालय मात्र आजही स्वतःच अर्ज करते आणि तेथे त्याची खरी परीक्षा होते. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना नोंदणीकृत संस्था, न्यास आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनाही खुली आहे. पण तिला सविस्तर प्रकल्प अहवाल लागतो आणि खर्चाचा काही वाटा अर्जदाराने उचलावा लागतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सामाजिक दायित्वाच्या खर्चाचे बंधन घातले आणि त्या खर्चाच्या यादीत वारसा व कला यांचे जतन स्पष्टपणे समाविष्ट केले. म्हणजे दार बंद नाही. पण ज्या संग्रहालयात तिकीट देणारा, झाडलोट करणारा आणि पाहुण्यांना माहिती सांगणारा माणूस एकच आहे, तेथे प्रकल्प अहवाल, वेळापत्रक आणि कामानंतरचे उपयोगिता प्रमाणपत्र कोणी लिहायचे?

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नातून एक व्यवसायच जन्मला. अनुदानाचे अर्ज लिहिणाऱ्यांची व्यावसायिक संघटना अमेरिकेत १९९८ मध्ये स्थापन झाली. तिच्या आचारसंहितेतील एक कलम आम्हांला फार महत्त्वाचे वाटते : मंजूर रकमेच्या टक्केवारीवर मेहनताना घेणे निषिद्ध आहे. ‘टक्केवारी’ या शब्दाला मराठीत जो वास आहे, तो पाहता हे कलम आपल्याकडे दारावर लिहून ठेवावे असे आहे. लेखकाला त्याच्या श्रमाचा ठरलेला मोबदला मिळावा, मग अर्ज मंजूर होवो वा न होवो. टक्केवारी आली की गरजेपेक्षा मोठा आकडा लिहिण्याचा मोह येतो. ओल धरलेल्या भिंतीची दुरुस्ती मागायची सोडून भव्य दालनाचे स्वप्न मागितले जाते.

व्यावसायिक साहाय्याचा दुसरा धोका भाषेचा आहे. तयार साच्यातील अर्ज आम्ही काही पाहिले. त्यांत ‘समृद्ध वारसा’, ‘भावी पिढ्या’, ‘पर्यटनाला चालना’ असे शब्द ओळीने उभे असतात. एक सोपी कसोटी आहे : अर्जातील गावाचे नाव खोडून तेथे दुसरे लिहावे. तेरच्या जागी पैठण घातले आणि एकही वाक्य खोटे ठरले नाही, तर त्या अर्जात काहीच सांगितलेले नाही. आमचा अर्ज या कसोटीवर उतरला असता, कारण खर्डा आणि परंडा दुसरीकडे नाहीत. पण तो दुसऱ्या कसोटीवर आपटला. त्यात स्थळ होते, संग्रह नव्हता.

संग्रह शब्दांत आणायचा म्हणजे नोंदवही हवी. प्रत्येक वस्तूला क्रमांक, माप, कशाची बनली, कोठून व कोणाकडून आली, आजची स्थिती काय, एक छायाचित्र. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली तेव्हा त्यांच्या प्रस्तावनांनी वाद पेटवले. पण त्या प्रस्तावना ज्या कागदांवर उभ्या होत्या, ते आधी गोळा झाले, उतरले गेले, क्रमाने लागले. अर्जाचेही तसेच आहे. अर्ज ही प्रस्तावना आहे. नोंदवही हे साधन. बाहेरचा लेखक प्रस्तावना चांगली करून देईल. नोंदवही त्याला करता येणार नाही, कारण कोणती घागर कोणाच्या घरातून आली हे त्याला ठाऊक नसते.

मग या नोंदवह्या का होत नाहीत? आळस हे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे भीतीचे आहे. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार पंचाहत्तर वर्षांहून जुनी, मोलाची पोथीदेखील पुरावस्तू ठरते आणि काही प्रकारच्या पुरावस्तूंची नोंदणी सक्तीची आहे. यादी केली की ती कोणाच्या तरी हाती पडेल आणि वस्तू जातील, अशी धास्ती गावोगावच्या संग्राहकांना असते. त्यामुळे व्यावसायिक मदतीचे पहिले काम सुंदर वाक्ये लिहिण्याचे नसून ही धास्ती दूर करण्याचे, कायदेशीर कागद नीट करून देण्याचे आहे. ते काम वकील, लेखापाल आणि पुरातत्त्वज्ञ यांचे आहे आणि त्याचे पैसे द्यावेच लागतील. अनेक लहान संग्रहालयांनी मिळून असा एक जाणकार नेमला, तर तो कोणालाच जड होणार नाही. संगणकीय नोंदींसाठी पुण्याच्या सी-डॅकने तयार केलेल्या प्रणालीचे नावच ‘जतन’ आहे; पण प्रणालीत भरायला आधी वहीत काही असावे लागते.

वही भरण्याचे काम मात्र आपले आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम. ए. च्या विद्यार्थ्यांना कार्यप्रशिक्षण करावे लागते आणि मराठीच्या विद्यार्थ्याने ते कोठे करावे, हा प्रश्न प्रत्येक विभागाला पडला आहे. ज्याने हस्तलिखिताचे पाठ ताडून पाहिले आहेत, बोलीतील शब्द टिपले आहेत, त्याला वस्तूचे स्थानिक नाव, तिचा वापर आणि ती देणाऱ्याची हकिकत अचूक लिहिता येते. चार विद्यार्थी, एक उन्हाळा आणि एक कुलूपबंद खोली एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. अनुदान मिळेलच असे नाही. पण न मिळाले तरी नोंदवही उरते, आणि तीच पुढच्या अर्जाचे भांडवल होते.

तरीही एक गोष्ट उरते आणि ती देणाऱ्यांना सांगायला हवी. बहुतेक अनुदाने इमारत, काचेची कपाटे, दिवे आणि फलक यांना मिळतात. रोज कुलूप उघडणाऱ्या माणसाच्या पगाराला मिळणे अवघड जाते. फलक उभा राहतो, माणूस निघून जातो आणि काचेआड धूळ साचते. चांगल्या अर्जलेखकाने शेवटच्या पानावर हे न लाजता लिहावे. विणकरांकडे ३,००० कार्षापण ठेवताना उषवदाताने वीस माणसांच्या वर्षभराच्या वस्त्राचा विचार केला होता. आम्ही त्या गावाकडे पुन्हा जाणार आहोत, या वेळी चार पाने न नेता एक कोरी वही घेऊन.